प्रेक्षागारांचे शिल्पकार : आर्चिबाल्ड लीच

फुटबॉलचा सामना रंगांत आला असतां मैदानाच्या कडेस उभ्या असलेल्या मुलांकडे पाहावें. पुढच्या रांगेंतील मुलें निश्चिंत असतात. दुसऱ्या रांगेंतील मुलें टांचा उंचावतात. तिसऱ्या रांगेंतील मुलें पुढच्यांच्या खांद्यांवर हात ठेवून उड्या मारतात. आणि त्यांच्याहि मागें असलेलीं लहान मुलें, कांहींच दिसत नाहीं म्हणून, एखादें झाड किंवा भिंत शोधूं लागतात. शंभर मुलांचा हा प्रश्न शिक्षकास सहज सोडवितां येतो. पुढच्यांस मांडी घालून बसविलें, मधल्यांस गुडघ्यांवर ठेवलें व मागच्यांस उभें केलें कीं सर्वांस दिसूं लागतें. परंतु शंभरांच्या ठिकाणीं एक लक्ष माणसें आलीं तर काय करावें? त्या सर्वांस खेळ दिसावा, तीं एकाच मैदानाभोंवतीं मावावीं आणि सायंकाळीं सर्वच्या सर्व सुखरूप घरीं परतावीं, हें कसें साधावें? ज्यांनीं आपल्या आयुष्यांतील चाळीस वर्षें ह्या प्रश्नास वाहिलीं, व ज्यांस त्याचा पहिला धडा पंचवीस माणसांच्या मृत्यूनें मिळाला, अशा एका स्कॉटिश इंजिनियराचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

आर्चिबाल्ड लीच यांचा जन्म स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरीं २७ एप्रिल १८६५ रोजीं झाला. त्यांचे वडील लोहारकाम करीत. ग्लासगो हें त्या काळीं जहाजें, आगगाडीचीं इंजिनें आणि कारखान्यांचीं यंत्रें घडविणारें मोठें शहर होतें. घणाचा आवाज व भट्टीचा धूर ह्यांतच तेथील मुलें लहानाचीं मोठीं होत. हचेसन्स ग्रामर स्कूल ह्या जुन्या शाळेंत आर्चिबाल्ड यांचें शिक्षण झालें व पुढें त्यांनीं अँडर्सन यांच्या नांवें चालणाऱ्या कॉलेजांत शास्त्राचा अभ्यास केला. १८८२ मध्यें, वयाच्या सतराव्या वर्षीं, ते एका यंत्रांच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून राहिले. कांहीं काळ त्यांनीं आगबोटींवर इंजिनियराचें काम करून समुद्रप्रवासहि केला. पुढें स्वदेशीं स्थिर होऊन, एकोणिसावें शतक संपण्याच्या सुमारास, त्यांनीं ग्लासगो येथें आपली स्वतंत्र कचेरी उघडली. त्यांचीं आरंभींचीं कामें म्हणजे स्कॉटलंडमधील कारखान्यांच्या इमारती व सिलोनमधील चहाचे कारखाने हीं होत. लोखंडाचे खांब, तुळया, विटांच्या भिंती व पत्र्याचें छप्पर ह्यांचा हिशेब करून थोड्या खर्चांत टिकाऊ इमारत उभी करणें, ही त्यांची विद्या होती. पुढें त्यांनीं जें काम केलें त्यावर ह्या विद्येचा ठसा शेवटपर्यंत राहिला.

त्या सुमारास फुटबॉलच्या खेळास विलक्षण भर आला होता. कारखान्यांतील मजुरांस शनिवारीं अर्ध्या दिवसाची सुटी मिळूं लागली होती, व दुपारीं सुटलेला मजूर थेट मैदानाकडे जाई. पूर्वीं मैदानाभोंवतीं दोरी बांधली कीं पुरे होत असे. आतां पन्नास-साठ हजार माणसें येऊं लागलीं. स्कॉटलंड आणि इंग्लंड ह्यांच्या वार्षिक सामन्यासाठीं तर ग्लासगोमधील तीन क्लबांत मोठी चुरस असे. ज्याचें मैदान अधिक माणसें सामावून घेईल त्याच्याकडे तो सामना जाई, व त्याबरोबर तिकिटांचें उत्पन्नहि जाई. रेंजर्स क्लबानें आयब्रॉक्स ह्या भागांत नवें मैदान करण्याचें ठरविलें, तेव्हां तें काम लीच यांजकडे आलें. ३० डिसेंबर १८९९ रोजीं हें मैदान सुरू झालें.

ह्या मैदानाच्या टोकांस उभ्या प्रेक्षकांसाठीं पायऱ्यांचे उंच चढ केलेले होते. पोलादी खांबांचा सांगाडा, त्यावर लांकडी तुळया व तुळयांवर फळ्या, अशी त्यांची रचना होती. मातीचा भराव घालण्याच्या मानानें हें काम लवकर होणारें होतें. शेवटच्या पायरीवर उभ्या राहिलेल्या माणसाच्या पायांखालीं सुमारें चाळीस फूट पोकळी होती.

५ एप्रिल १९०२ रोजीं तेथें स्कॉटलंड व इंग्लंड ह्यांचा सामना भरला. सुमारें ६८,००० लोक जमले होते व स्वतः लीचहि त्या दिवशीं हजर होते. खेळ सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल नसेल, तोंच पश्चिमेकडील चढाच्या माथ्यावरील फळ्या मोडल्या आणि सुमारें सत्तर फूट लांब व चौदा फूट रुंद असें भगदाड पडलें. शेंकडों माणसें त्यांतून खालीं कोसळलीं. पंचवीस माणसें मृत्यु पावलीं व पांचशेंहून अधिक जखमी झालीं. लोकांनीं एकदम धांव घेतली तर आणखी प्राण जातील ह्या भीतीनें, कांहीं वेळ थांबविलेला खेळ पुन्हां सुरू करून शेवटास नेण्यांत आला. तो सामना पुढें रद्द ठरला, व मे महिन्यांत बर्मिंगहॅम येथें नव्यानें खेळला गेला.

लांकूड पुरविणाऱ्या ठेकेदारावर खटला झाला. ठरल्यापेक्षां हलक्या जातीचें लांकूड त्यानें वापरलें, असा त्याच्यावर आरोप होता. परंतु पंचांनीं त्यास निर्दोष सोडलें. लीच यांजवर खटला झाला नाहीं. तरी नकाशे त्यांचे होते, आणि सारा देश तें जाणत होता. सदतीस वर्षांच्या तरुण इंजिनियरास ह्यापुढें मैदानाचें काम कोण देणार? मुकाट्यानें कारखान्यांच्या कामाकडे परत जावें, हा मार्ग त्यांस मोकळा होता व तो सोपाहि होता. लीच यांनीं तो पत्करला नाहीं. त्यांनीं रेंजर्स क्लबास पत्र लिहून आपलें दुःख कळविलें व मैदानाची पुनर्रचना आपल्याकडेच सोंपवावी अशी विनंती केली. क्लबहि मोठ्या अडचणींत होता. पैसा उभा करण्यासाठीं त्यास आपले खेळाडू विकण्याची पाळी आली होती. तथापि त्यानें लीच यांजवर पुन्हां विश्वास टाकला. आमच्या मतें ह्या चरित्रांतील खरी कसोटीची घडी हीच होय. दुःख तर सर्वांसच होतें. परंतु त्या दुःखास हिशेबाच्या वहीशीं व जमिनीच्या भरावाशीं जोडणें हें थोड्यांसच साधतें.

ह्यानंतर उंच लांकडी सांगाड्यांवरील चढ मागें पडले. आयब्रॉक्सचे चढ आतां घट्ट मातीच्या भरावावर उभे राहिले. पायांखालीं पोकळी राहिली नाहीं, तेव्हां कोसळण्याची भीति गेली. परंतु गर्दीपासून दुसरें एक भय असतें, तें रेटारेटीचें. गोल झाला कीं मागचे लोक पुढें लोटतात. एकामागून एक रांगांचा भार पुढच्यांवर पडतो व सर्वांत पुढचा माणूस चेंगरतो. ह्यावर उपाय म्हणून लीच यांनीं पोकळ पोलादी नळ्यांचे भक्कम कठडे योजिले व त्यांच्या मांडणीसह पायऱ्यांच्या नव्या रचनेचें पेटंट घेतलें. कठडे चढावर ठराविक अंतरांनीं उभे केले म्हणजे वरून येणारा लोंढा मध्येंच अडतो, आणि कोणत्याहि एका माणसावर थोड्याच रांगांचा भार येतो. त्यांबरोबरच जाण्यायेण्याच्या वाटा पायऱ्यांहून कांहींशा खोल ठेवल्या. वाटेंत उभ्या राहणाऱ्यास खेळ नीट दिसत नाहीं. म्हणून तेथें कोणी थांबत नाहीं आणि वाट आपोआप मोकळी राहते. शिपायानें ओरडून जें होत नाहीं, तें ह्या युक्तीनें साधे.

आतां दृष्टीचा प्रश्न राहिला. तो भूमितीचा असल्यामुळें आमच्या विद्यार्थ्यांस त्यांत गोडी वाटेल. ह्याचा शास्त्रीय विचार लीच यांच्या जन्मापूर्वींच, १८३८ मध्यें, जॉन स्कॉट रसेल ह्या ग्लासगोजवळ जन्मलेल्या दुसऱ्या एका स्कॉटिश इंजिनियरानें मांडला होता. बसलेल्या माणसाच्या डोळ्यापासून मैदानाच्या जवळच्या रेषेपर्यंत एक सरळ रेषा कल्पावी. ती रेषा पुढच्या माणसाच्या डोक्यावरून गेली तरच त्यास खेळ दिसेल. ह्यासाठीं मागच्याची दृष्टिरेषा पुढच्याच्या डोळ्याच्या वर कांहीं सेंटिमीटर असावी लागते. हल्लींचे इंजिनियर हें अंतर साधारणपणें ९ सेंटिमीटर धरतात.

एक उदाहरण करून पाहूं. पहिल्या रांगेंतील प्रेक्षकाचा डोळा मैदानाच्या रेषेपासून ८ मीटर दूर व २ मीटर उंच आहे, आणि प्रत्येक रांग पुढच्या रांगेच्या ८० सेंटिमीटर मागें आहे, असें समजूं. समरूप त्रिकोणांचा नियम लावला तर दुसरी रांग पहिलीहून सुमारें ३० सेंटिमीटर उंच करावी लागते. तिसरी रांग दुसरीहून आणखी थोडी अधिक, जवळजवळ ३१ सेंटिमीटर. असें करीत विसाव्या रांगेस पोंचलों म्हणजे ती एकोणिसावीहून सुमारें ३९ सेंटिमीटर उंच ठेवावी लागते. म्हणजे उत्तम प्रेक्षागाराच्या पायऱ्या एका सरळ उतारावर नसतात. मागें जावें तसतसा त्यांचा चढ वाढत जातो व बाजूनें पाहिल्यास तो एखाद्या उथळ वाटीच्या कडेसारखा वळलेला दिसतो. जिन्यासारखा एकाच मापाचा चढ बांधला, तर तो पुढें गरजेहून अधिक उंच होतो किंवा मागें अपुरा पडतो. विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः कागदावर मांडून पाहावें अशी आमची शिफारस आहे.

परंतु गणित येथेंच संपत नाहीं. तें ९ सेंटिमीटरांचें अंतर वाढविलें तर प्रत्येकास अधिक चांगलें दिसतें. मात्र प्रेक्षागार उंच व कडा होतो, खर्च वाढतो आणि उतरतांना पाय घसरण्याची भीति वाढते. तें कमी केलें तर प्रेक्षागार बुटका व स्वस्त होतो; पण पुढच्यानें टोपी घातली तरी मागच्याचा सामना बुडतो. रांगा वाढविल्या तर शेवटच्या प्रेक्षकास चेंडू मोहरीएवढा दिसतो. उभ्या माणसांसाठीं पायऱ्या ठेवल्या तर एका चौरस मीटरांत चार-पांच माणसें मावतात. बसण्याची सोय केली तर जाण्यायेण्याच्या वाटा धरून तेथें दोनच मावतात. दृष्टि, संख्या आणि सुरक्षितता ह्या तीन गोष्टी तीन दिशांस ओढतात. जो क्लब केवळ संख्येकडे पाहतो तो दुसऱ्या दोहोंस गमावतो. ह्या तिघींचा मेळ घालणें हेंच लीच यांचें काम झालें.

त्यांनीं घातलेला मेळ पुष्कळ ठिकाणीं सारखाच दिसे. मैदानाच्या लांब बाजूस ते दुमजली प्रेक्षागार बांधीत. वरच्या मजल्यावर बाकें किंवा खुर्च्या व त्यांवर छप्पर. खालीं पुढच्या बाजूस स्वस्त तिकिटाच्या उभ्या लोकांची जागा. उभा असलेला मजूर सखल जागीं असल्यामुळें वर बसलेल्याच्या दृष्टीआड कोणी येत नसे, आणि मजुरासहि मैदानाच्या अगदीं जवळून खेळ पाहण्यास मिळे. वरच्या सज्जाच्या पुढील अंगास पोलादी पट्ट्यांची फुलीफुलीची जाळी असे; ती पाहतांच जाणत्यांस हें काम लीच यांचें असें ओळखूं येई. बाकी तिन्ही बाजूंस उभ्या प्रेक्षकांचे मोकळे चढ असत. ही रचना थोड्या खर्चांत पुष्कळ माणसें सामावून घेई.

क्लबांचीं बोलावणीं येऊं लागलीं. १९०३ मध्यें ग्लासगोचें हॅम्पडन पार्क सुरू झालें. १९३७ च्या एप्रिल महिन्यांत तेथें स्कॉटलंड व इंग्लंड ह्यांचा सामना पाहण्यास १,४९,४१५ माणसें आलीं. १९०५ मध्यें लंडनमध्यें क्रेव्हन कॉटेज व स्टॅमफर्ड ब्रिज ह्या दोन मैदानांचें काम झालें. १९०९ मध्यें लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर मोठें प्रेक्षागार उभें राहिलें, आणि १९१० मध्यें मँचेस्टरचें ओल्ड ट्रॅफर्ड खुलें झालें. लीच यांनीं आपली कचेरी प्रथम लिव्हरपूल येथें व पुढें लंडन येथें नेली. ब्रिटन व आयर्लंड ह्या देशांतील वीसहून अधिक मैदानांवर त्यांनीं काम केलें. १९६६ मध्यें इंग्लंडांत जगज्जेतेपदाचे सामने झाले, तेव्हां त्यांसाठीं निवडलेल्या आठ मैदानांपैकीं सहा मैदानांवर त्यांचें काम उभें होतें.

ह्या सर्वांत आम्हांस विशेष वाटतें तें पुन्हां आयब्रॉक्सचेंच. जेथें त्यांच्या कीर्तीस काळोखी लागली होती, तेथेंच १ जानेवारी १९२९ रोजीं त्यांचें सर्वांत भव्य प्रेक्षागार खुलें झालें. तांबड्या विटांची ती भारदस्त इमारत सुमारें दहा हजार माणसांस बसण्याची जागा देत होती. लोहाराच्या मुलानें सत्तावीस वर्षांनंतर आपलें उत्तर लोखंडांत व विटांत लिहून दिलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

तथापि थोर माणसाचें चरित्र लिहितांना त्याच्या कामाच्या मर्यादा झांकून ठेवणें योग्य नव्हे. लीच यांच्या प्रेक्षागारांचें छप्पर खांबांवर उभें असे, व खांबामागें बसणाऱ्यास सबंध सामना मान वांकडी करून पाहावा लागे. खांबांवांचून छप्पर पेलण्याची रचना तेव्हां महाग होती. १९६१ मध्यें शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर तसें मोठें प्रेक्षागार झालें, तेव्हां लोकांस त्याचें मोठें नवल वाटलें. दुसरी मर्यादा अधिक गंभीर होती. ब्रॅडफर्ड येथें १९०८ च्या सुमारास बांधलेल्या त्यांच्या प्रेक्षागाराची जमीन व बाकें लांकडाचीं होतीं. वर्षानुवर्षें फळ्यांच्या फटींतून खालीं कागद व कचरा सांचत गेला. तो कोणी काढला नाहीं. ११ मे १९८५ रोजीं त्यास आग लागली व कांहीं मिनिटांतच सर्व प्रेक्षागार पेटलें. मागच्या बाजूचे दरवाजे बंद होते. त्या दिवशीं ५६ माणसें मृत्युमुखीं पडलीं. तेव्हां लीच यांस जाऊन शेहेचाळीस वर्षें लोटलीं होतीं. बांधणारा गेला तरी इमारत माणसें आपल्या अंगाखांद्यावर घेतच राहते. म्हणून पुढच्या पिढीनें तिची झडती घेत राहिलें पाहिजे, हा त्या दिवसाचा धडा होय.

आर्चिबाल्ड लीच २५ एप्रिल १९३९ रोजीं, वयाचीं चौऱ्याहत्तर वर्षें पुरीं होण्यास दोन दिवस उरले असतां, मृत्यु पावले. दर शनिवारीं लाखों माणसें त्यांच्या पायऱ्यांवर उभीं राहत. पण त्यांतील फार थोड्यांस त्यांचें नांव ठाऊक होतें.

त्यांच्यामागें दुर्घटनांची परंपरा संपली नाहीं. २ जानेवारी १९७१ रोजीं, आयब्रॉक्सच्याच एका जिन्यावर, सामना संपून परततांना ६६ माणसें चेंगरून मेलीं. त्यानंतर तें मैदान नव्यानें बांधलें गेलें. तीन बाजूंचे जुने चढ जाऊन तेथें आसनें आलीं. चौथ्या बाजूचें लीच यांचें १९२९ चें प्रेक्षागार मात्र तसेंच राखण्यांत आलें. १५ एप्रिल १९८९ रोजीं हिल्सबरो येथें उभ्या प्रेक्षकांच्या बंदिस्त भागांत प्रमाणाबाहेर माणसें सोडल्यामुळें ९७ जणांचे प्राण गेले. त्यांतील शेवटचा बळी बत्तीस वर्षें आजार सोसून २०२१ मध्यें गेला. १९९० मध्यें चौकशी समितीच्या अहवालानें मोठ्या मैदानांवर प्रत्येक प्रेक्षकास आसन असावें अशी शिफारस केली. मग मैदानांची संख्या झपाट्यानें उतरली. जेथें एके काळीं दीड लक्ष माणसें उभीं राहिलीं, त्या हॅम्पडन पार्कवर आज सुमारें बावन्न हजारच आसनें आहेत. क्लबांचें उत्पन्न त्यामुळें बुडेल असें कित्येकांस वाटलें होतें. पण आसनावर निर्धास्त बसून खेळ पाहतां येतो असें दिसतांच स्त्रिया व मुलेंहि मोठ्या संख्येनें मैदानावर येऊं लागलीं.

लीच यांचीं पुष्कळशीं कामें आतां पाडलीं गेलीं आहेत. बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवरील त्यांचें देखणें प्रेक्षागार २००० मध्यें गेलें. परंतु लंडनच्या क्रेव्हन कॉटेजवर १९०५ चें विटांचें प्रेक्षागार अद्याप उभें असून कायद्यानें त्यास संरक्षण दिलेलें आहे. तेथें जुन्या लांकडी आसनांवर बसून, खांबांच्या मधून मान काढून, लोक आजहि सामना पाहतात.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्यापैकीं कोणी पुढें इंजिनियर होईल, कोणी ठेकेदार होईल, कोणी केवळ एखाद्या मेळाव्याची व्यवस्था पाहील. त्या वेळीं किती माणसें मावतील हा प्रश्न प्रथम विचारला जाईल, कारण त्याच्याशीं पैसा जोडलेला असतो. सर्वांत मागच्या माणसास दिसेल काय, आणि गडबड झाली तर तो बाहेर पडेल काय, हे दोन प्रश्न बहुधा कोणी विचारणार नाहीं. ते आपण विचारावे. पंचवीस प्रेतें पाहिल्यावर लीच यांनीं ते स्वतःस विचारले, आणि उरलेलें आयुष्य त्यांचें उत्तर देण्यांत घालविलें. तें उत्तर अपुरें होतें हें पुढील काळानें दाखविलें. तरी आज ज्या इंजिनियरांनीं तें पुरें करण्याचें काम चालविलें आहे, ते ज्या पायरीवर उभे आहेत ती लीच यांनीं घातलेली आहे.